दोन लाख नव्याण्णव हजारांचा रस्ता

गावातल्या काँक्रीट रस्त्याची लांबी कशावरून ठरते? गल्ली कुठवर जाते, घरं किती आहेत, पावसाचं पाणी कुठे तुंबतं, यावरून ठरत असेल असं कुणालाही वाटेल. महाराष्ट्रात ती बरीच वर्षं मंत्रालयातून आलेल्या एका आकड्यावरून ठरली. तो आकडा होता ३ लाख.

सांगली जिल्ह्यातल्या कवठे महांकाळ तालुक्याच्या घाटमाथ्यावरचं एखादं गाव डोळ्यांसमोर आणा. चावडीपासून मराठी शाळेपर्यंतची गल्ली साडेतीनशे मीटर आहे. तीन मीटर रुंदीच्या रस्त्याला मीटरमागे अडीच हजार रुपये लागतात, असं हिशेबापुरतं धरू. सगळ्या गल्लीचं अंदाजपत्रक झालं पावणेनऊ लाखांचं. पण तेव्हा ३ लाखांच्या वर गेलं की ई-निविदा काढावी लागे. मग अंदाजपत्रक करणाऱ्याच्या टेबलावर गल्लीचे तीन तुकडे पडत. चावडी ते मारुती मंदिर हा पहिला, मंदिर ते अमक्याचं घर हा दुसरा आणि अमक्याचं घर ते शाळा हा तिसरा. प्रत्येक तुकडा २ लाख ९९ हजारांच्या आत, म्हणजे जास्तीत जास्त ११९ मीटर. अंदाजपत्रकं तीन, फलक तीन, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी तीन, आणि मिक्सर बहुधा एकच. रस्ता जिथे एखाद्या घराच्या दारात तुटलेला दिसतो, तिथे निधी संपलेला असतोच असं नाही. पुष्कळदा मर्यादा संपलेली असते.

मर्यादेखाली आणण्यासाठी कामाचे किंवा खरेदीचे तुकडे पाडू नयेत, अशी ताकीद सरकारी खरेदीच्या नियमांत हटकून असते. ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते, यातच सगळं आलं.

सार्वजनिक खरेदीचा जवळपास प्रत्येक नवा नियम हा कालच्या एखाद्या चलाखीला दिलेलं उत्तर असतो. उत्तर आलं की चलाखी संपत नाही, ती टेबल बदलते. म्हणून ‘नवा नियम काय आहे’ एवढंच विचारून भागत नाही. त्या नियमामुळे निर्णय कुणाच्या हातून सुटला आणि कुणाच्या हाती गेला, तेही विचारावं लागतं.

१९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा आल्या आणि १ मे १९६२ पासून त्यांचा कारभार सुरू झाला. पैसा कसा खर्चायचा हे १९६८ च्या लेखा संहितेत बांधून दिलं गेलं. ग्रामपंचायती चालतात १९५८ च्या कायद्यावर, नगरपंचायती १९६५ च्या. कवठे महांकाळ गावाने हे दोन्ही कायदे अंगावर घेतले आहेत. काही वर्षांपूर्वीपर्यंत तिथे ग्रामपंचायत होती, आता नगरपंचायत आहे. गटार तेच आणि तुंबतंही तिथेच, पण आज त्याच्या निविदेवर शासनाने नेमलेल्या मुख्याधिकाऱ्याची सही लागते आणि हिशेब वेगळ्या संहितेने लिहावा लागतो.

जुनी पद्धत लाखबंद पाकिटाची होती. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात निविदा सूचना यायची. कोरा फॉर्म कार्यालयातून विकत घ्यायचा, भरून पेटीत टाकायचा आणि ठरल्या वेळी पेटी सर्वांसमक्ष उघडायची. कागदावर ही पद्धत सोज्वळ होती. प्रत्यक्षात फॉर्म ‘संपलेले’ असायचे, विकणारा कारकून रजेवर असायचा आणि कार्यालयाच्या दारात काही मंडळी उगाच उभी असायची. बाहेरच्या तालुक्यातल्या ठेकेदाराला कोण आलंय, कशाला आलंय, हे तिथेच विचारलं जाई. तो समजायचं ते समजून चहा घेऊन परत जाई.

ई-निविदेने हे दारच काढून टाकलं, आणि त्याचं श्रेय तिला दिलंच पाहिजे. आधी फक्त मोठ्या कामांना लागू असलेली ही पद्धत नोव्हेंबर २०१४ मध्ये राज्याने ३ लाखांपर्यंत खाली आणली. ‘महाटेंडर्स’ या संकेतस्थळावर सूचना लागते. ठेकेदार डिजिटल स्वाक्षरीने निविदा भरतो आणि बयाणा रक्कम ऑनलाइन जाते. लिफाफे दोन असतात. पहिल्यात नोंदणी, अनुभव, कर भरल्याचे दाखले. दुसऱ्यात फक्त दर. पहिल्यात जो टिकेल त्याचाच दुसरा उघडतो. जतचा किंवा सांगोल्याचा ठेकेदार आता पंचायत समितीची पायरी न चढता कवठे महांकाळचं काम भरू शकतो. पहिल्या फेरीत तीन निविदा आल्या नाहीत तर सहसा मुदत वाढते किंवा फेरनिविदा निघते.

तीन हव्यात म्हटल्यावर तीन येऊ लागल्या. काम एकाने घ्यायचं आणि बाकीच्या दोघांनी त्याच्यासाठी ‘सपोर्ट’ टाकायचा. पुढच्या कामाला अदलाबदल. याला गावाकडे ‘टेंडर मॅनेज झालं’ म्हणतात. २००२ च्या स्पर्धा कायद्याने याला मनाई आहे आणि कंपनीला उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. पण तो कायदा दिल्लीतल्या आयोगाकडून राबवला जातो, आणि आठ लाखांच्या गटारीसाठी दिल्लीला कोण जाणार? पूर्वी पेटीजवळ होणारं काम आता अटींमध्ये होतं. डांबर मिसळण्याचा प्लांट इतक्याच किलोमीटरच्या आत हवा, याच प्रकारच्या कामाचा इतक्याच रकमेचा अनुभव हवा, अमुक यंत्र स्वतःच्या मालकीचं हवं. यातली प्रत्येक अट वेगवेगळी पाहिली तर रास्तच वाटते. लांबून आणलेलं डांबर थंड होतं, हे खोटं नाही. पण चार रास्त अटी अशा जुळवता येतात की अख्ख्या जिल्ह्यात एकच माणूस त्यांत बसावा. असं झालं की दराची स्पर्धा सुरू होण्याआधीच संपलेली असते.

जिथे स्पर्धा खरी झाली तिथे दुसराच प्रश्न उभा राहिला. ठेकेदार ‘बिलो’ जाऊ लागले. सरकारी दरसूचीवरून अंदाजपत्रक होतं आणि ठेकेदार त्याच्यापेक्षा इतके टक्के वर किंवा खाली असा दर देतो. वीस-पंचवीस टक्के खाली गेलेली कामं पाहिल्यावर साधा माणूस विचारतो, मग अंदाजपत्रक फुगवलेलं होतं की आता सिमेंट कमी पडणार आहे? दोन्ही शक्य आहे. सार्वजनिक बांधकाम विभागाने २०१८ मध्ये यावर एक गणित काढलं. १० टक्क्यांपर्यंत खाली गेलात तर १ टक्का जादा सुरक्षा ठेव. १० ते १५ च्या दरम्यान प्रत्येक जादा टक्क्याला आणखी १ टक्का. १५ च्या पुढे प्रत्येक टक्क्याला २. म्हणजे १४ टक्के बिलो जाणाऱ्याने ५ टक्के ठेव द्यायची. १९ टक्के बिलो जाणाऱ्याने १ अधिक ५ अधिक ८, म्हणजे १४ टक्के. ठेकेदाराचा हात पोळावा, पण स्वस्त दर बेकायदा ठरू नये, अशी ही रचना आहे. तिच्यामागचा विचार मला पटतो. अडचण एवढीच की ही ठेव ज्याच्या बँकेत आधीच पैसा आहे त्याला परवडते. नव्याने धंद्यात उतरलेला अभियंता स्वस्त दर देऊ शकत असला तरी ठेवीपाशी अडतो.

फार खालचा दर देणाऱ्याचं काय करायचं, हा प्रश्न फक्त आपलाच नाही. इटलीने नव्वदच्या दशकात त्यावर डोकेबाज उपाय काढला. सगळ्यात स्वस्त निविदेऐवजी सगळ्यांच्या दरांची सरासरी काढायची आणि तिच्या जवळच्याला काम द्यायचं. तुरीन शहरातल्या ठेकेदारांना त्यातली मेख चटकन कळली. सरासरी ठरवणाऱ्या निविदा आपल्याच असतील तर सरासरीही आपलीच. मग एकाच गटाच्या कंपन्या झुंडीने निविदा भरू लागल्या, काही मुद्दाम वर, काही मुद्दाम खाली, म्हणजे सरासरी हवी तिथे सरकेल. २००८ मध्ये तिथल्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं. युक्रेनने दुसरी वाट धरली. २०१६ पासून सक्तीच्या झालेल्या ‘प्रोझोरो’ प्रणालीत निविदा, बोल्या, करार सगळं जनतेसमोर उघडं असतं. भारत सरकारनेही ऑक्टोबर २०२१ मध्ये ठराविक कामांत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन द्यायची मुभा दिली. पण ग्रामीण रस्त्याच्या ठेकेदाराची ‘गुणवत्ता’ मोजायची कुणी? ते गुण देणाऱ्याच्या हातात पुन्हा जुनीच सत्ता जाते. तालुक्याच्या पातळीवर मला तरी सगळ्यात कमी दराचा नियमच बरा वाटतो. त्याच्यात गैरप्रकार झाला तर निदान आकड्यांत दिसतो.

मर्यादेखालची कामं कुणाला द्यायची यालाही सूत्र होतं. जिल्ह्याची काम वाटप समिती ३३ टक्के कामं सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना आणि उरलेली ३४ टक्के नोंदणीकृत ठेकेदारांना देई. विचार चांगला होता. अभियंत्याला पहिलं काम मिळावं आणि ज्यांच्या घामाने रस्ता होतो त्यांच्याच संस्थेला नफा मिळावा. सांगलीसारख्या सहकारात मुरलेल्या जिल्ह्यात मजूर संस्था भरपूर निघाल्या. सगळ्याच संस्थांच्या सभासदांनी पाटी उचलली असेल, असं समजायचं कारण नाही. जानेवारी २०२२ मध्ये सहकार विभागाने विधान परिषदेतल्या तेव्हाच्या विरोधी पक्षनेत्याला ‘मजूर’ म्हणून अपात्र ठरवलं, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने तोंडावर रुमाल धरून हसून घेतलं. ते मुंबईच्या जिल्हा बँकेवर याच प्रवर्गातून निवडून येत असत.

२०२१ मध्ये राज्याने ई-निविदेची रेषा ३ लाखांवरून १० लाखांवर नेली. छोट्या कामांना निविदेत महिनेच्या महिने जातात, ही तक्रार खरी होती आणि महागाईने ३ लाखांचं वजनही उरलं नव्हतं. आपल्या साडेतीनशे मीटरच्या गल्लीचं पावणेनऊ लाखांचं काम आता तुकडे न पाडता ई-निविदेविना होऊ शकतं. म्हणजे रस्ता जुळला आणि स्पर्धा गेली. यातलं काय बरं, हे ती गल्ली कुठल्या गावात आहे त्यावर अवलंबून राहतं.

वस्तूंच्या खरेदीची कथा वेगळी आहे आणि तिचा मोठा भाग मुंबईत घडला. पूर्वी राज्याची मध्यवर्ती खरेदी संघटना दरकरार करायची. एकदा वस्तूचा दर ठरला की कुठल्याही कार्यालयाने निविदा न काढता त्याच दराने घ्यायची. २०१५ मध्ये महिला व बालविकास विभागाच्या २०६ कोटींच्या खरेदीवरून गदारोळ झाला. तोच ‘चिक्की घोटाळा’ म्हणून गाजला. १३ फेब्रुवारी या एकाच दिवशी २४ शासन निर्णय निघाले आणि खरेदी ई-निविदेविना दरकराराने झाली, असा आरोप होता. मंत्र्यांनी तो फेटाळला आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या चौकशीतही पुढे काही निघालं नाही. पण दरकराराची पद्धत मात्र गेली. १ डिसेंबर २०१६ रोजी खरेदीची नवी नियमपुस्तिका आली, आणि पुढच्याच वर्षी केंद्राचं ‘जेम’ हे ऑनलाइन बाजारपेठेचं पोर्टल राज्याने स्वीकारलं.

त्याच डिसेंबरात, ५ तारखेला, दुसरा एक निर्णय निघाला. त्याची चर्चा कमी झाली, पण कवठे महांकाळसारख्या तालुक्यात तोच जास्त जाणवला. वैयक्तिक लाभाच्या योजनांत वस्तू वाटायची नाही, लाभार्थ्याने ती स्वतः बाजारातून घ्यायची आणि पैसे त्याच्या बँक खात्यात जमा व्हायचे. त्याआधी शिलाई यंत्रं, सायकली, कडबाकुट्टी, फवारणी पंप, सगळं जिल्हा परिषद घाऊक खरेदी करून पंचायत समितीच्या आवारात उतरवायची. दुष्काळी तालुक्यात जनावरांवर संसार चालतात, म्हणून कडबाकुट्टीला मागणी मोठी. पण एका हॉर्सपॉवरची मोटर हवी असलेल्याला आणि दोन हवी असलेल्यालाही यंत्र एकच मिळे, वर ते कुठल्या कंपनीचं हे सांगलीत ठरे. नव्या पद्धतीत शेतकरी मिरजेच्या दुकानात जाऊन घासाघीस करून यंत्र घेतो आणि पक्कं बिल जोडतो. सरकारी खरेदीतला एक अख्खा मजलाच यामुळे गेला. मात्र आधी पैसे घालायचे आणि मग परत मिळायची वाट पाहायची, हे ज्याला जमत नाही तो गरीब यादीत असूनही बाहेर राहतो. शेजाऱ्याकडून उसने घेऊन बिल दाखवणारे आणि यंत्र दुसऱ्या दिवशी दुकानात परत देणारेही असतात. दुकानदाराला ते ठाऊक असतं.

खरेदी गावात की मुंबईत, या ओढाताणीचा सगळ्यात बोलका दाखला शाळेच्या गणवेशाचा. आधी शाळा व्यवस्थापन समितीला गणवेशामागे ३०० रुपये मिळत आणि ती गावातल्या किंवा तालुक्याच्या शिंप्याकडून कपडे शिवून घेई. २०२४-२५ साठी राज्याने ठरवलं की साऱ्या महाराष्ट्राचं कापड एकाच निविदेने घ्यायचं आणि महिला बचत गटांकडून शिवून घ्यायचं. घाऊक खरेदीत दर पडतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात असतं. त्या धड्यात दुसरीतल्या पोराच्या छातीचं माप नसतं. जूनमध्ये शाळा भरल्या, पाऊस सुरू झाला, तरी ठिकठिकाणी पोरं जुन्याच कपड्यांत होती. जिथे गणवेश पोचले तिथेही मापाच्या आणि कापडाच्या तक्रारी आल्या. २० डिसेंबर २०२४ ला शासनाने माघार घेतली आणि पुढच्या वर्षापासून खरेदी पुन्हा शाळा समित्यांकडे दिली.

आता ग्रामपंचायतीकडे येऊ. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ पासून पैसा थेट गावाला दिला. पंधराव्याने त्यातला ८० टक्के गावाला ठेवून १०-१० टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला दिला. सांगली जिल्हा परिषदेवर आणि तिच्या पंचायत समित्यांवर मार्च २०२२ पासून पुढे बराच काळ प्रशासकच होते. त्या काळात निविदेला मंजुरी देताना समितीत प्रश्न विचारणारा निवडून आलेला माणूस नव्हता. ग्रामपंचायतीत चेकबुक गेलं आणि सरपंच व ग्रामसेवक (२०२४ पासून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) यांच्या डिजिटल स्वाक्षऱ्यांनी ‘ई-ग्रामस्वराज’वरून पैसे जाऊ लागले. २४ एप्रिल २०२३ ला, पंचायत राज दिनी, पंतप्रधानांनी मध्य प्रदेशातल्या रीवा इथे ई-ग्रामस्वराज आणि जेम यांची जोडणी सुरू केली. ग्रामपंचायतीने पथदिवा किंवा संगणक देशभरातल्या विक्रेत्यांकडून पोर्टलवर घ्यावा, अशी त्यामागची कल्पना.

पथदिव्याचं जमेल. पण ऐन उन्हाळ्यात नळपाणी योजनेची मोटर जळाली की काय होतं पाहा. पोर्टलवर दर पाहायचे, ऑर्डर टाकायची, माल यायची वाट पाहायची. इकडे तिसऱ्या दिवशी बायाबापड्या घागरी घेऊन ग्रामपंचायतीच्या दारात. म्हणून मोटर सकाळीच जीपमध्ये घालून कवठे महांकाळला रिवायंडिंगला जाते आणि कागद मागाहून होतात. तीन दरपत्रकं लागतात. ती तीन वेगवेगळ्या लेटरहेडवर येतात आणि पुष्कळदा एकाच दुकानातून, कारण बाकीच्या दोघांची लेटरहेडं त्याच्याच टेबलाच्या खणात असतात. कागदोपत्री ही बनवाबनवी आहे, पण पाणी त्या दिवशी संध्याकाळी येतं. नियम करणाऱ्याने तातडीच्या दुरुस्तीला थोडी मोकळी जागा ठेवली असती, वर्षाची कमाल रक्कम ठरवून दिली असती आणि तो खर्च पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवायला लावला असता, तर गावाला खोटं बोलावं लागलं नसतं. कोरी लेटरहेडं ठेवायची सवय एकदा लागली की ती मोटरीपुरती राहत नाही.

एक कलम मात्र गावात चांगलं पाठ असतं. १९५८ च्या कायद्याच्या १४(१)(ग) प्रमाणे ग्रामपंचायतीच्या कामात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेल्याचं सदस्यत्व जातं. हजार-बाराशे उंबऱ्यांच्या गावात सदस्याचा भाऊ, मेहुणा, साडू ट्रॅक्टरवाला किंवा गवंडी निघतोच. मग तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, तिथून विभागीय आयुक्तांकडे आणि उच्च न्यायालयापर्यंतही. तक्रारीचं टायमिंग पाहिलं तर ती वाळूच्या दर्जावरून कमी आणि सरपंचपदाच्या गणितावरून जास्त होते. तरी तिचा धाक असतो, हेही खरं.

या सगळ्या नियमांत काम कुणाला द्यायचं यावर पानंच्या पानं आहेत. केलेल्या कामाचे पैसे कधी द्यायचे, यावर मात्र फारसं नाही. ठेकेदाराला उशीर झाला तर निविदेच्या शर्तींत दंड लिहिलेला असतो. बिलाला उशीर झाला तर व्याज सहसा लिहिलेलं नसतं. छोट्या उद्योगांना २००६ च्या कायद्याने ४५ दिवसांचं संरक्षण दिलं आहे, पण रस्ते-गटारींची कामं त्यात बसतात की नाही यावर न्यायालयांत वाद आहेत. २०२५ मध्ये थकीत बिलांसाठी राज्यभरचे ठेकेदार आंदोलनात उतरले. त्यातले कितीतरी जण प्रत्यक्षात उपठेकेदार होते. पोर्टलवर नाव मोठ्या ठेकेदाराचं, उधारीवर सिमेंट आणून रस्ता ओतणारा दुसराच. सरकार दरबारी या दुसऱ्याचं येणं शून्य असतं, कारण सरकारने त्याला काम दिलेलंच नसतं. दुकानदाराच्या वहीत मात्र त्याचंच नाव असतं. पुढची निविदा भरताना तो एकतर थकबाकीचं व्याज दरात धरतो, नाहीतर मागची उधारी फेडायला हाताशी पैसा यावा म्हणून आणखी बिलो जातो. दुसरी गोष्ट जास्त घडते, आणि त्या बिलोचे टक्के अखेर काँक्रीटच्या जाडीतून निघतात.